पेन्सिल घेऊन बेसबॉलला: बॉस्टनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

बॉस्टनला नव्याने आलेल्या मराठी घरात पहिल्या उन्हाळ्यात एक प्रसंग हमखास घडतो. ऑफिसमधलं कुणीतरी रेड सॉक्स या इथल्या बेसबॉल टीमच्या मॅचची दोन तिकिटं देतं. आपण हौसेने फेनवे पार्कला, त्यांच्या मैदानावर, जातो, चौथ्या इनिंगला घड्याळ बघायला लागतो, सहाव्याला उठतो आणि परतीच्या ट्रेनमध्ये एकमेकांना म्हणतो, "यात एवढं बघण्यासारखं काय असतं बाई?"

मीही तेच म्हटलं होतं. साल २००३, डिपेंडंट व्हिसा, नोकरीला बंदी, हातात वेळच वेळ. आज माझ्या पलंगाखालच्या खोक्यात स्कोअरच्या एकवीस वह्या आहेत आणि नवरा म्हणतो की घर बदलताना आधी ते खोकं उचललं जातं, मग तो.

डॉर्चेस्टरमध्ये एका जुन्या तीन मजली लाकडी घराच्या मधल्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण, तेव्हाच ऐंशीच्या घरातल्या. मी त्यांना मनातल्या मनात खालच्या आजी म्हणायचे. संध्याकाळ झाली की मागच्या पडवीत रेडिओ लागायचा आणि आजींच्या मांडीवर एक चौकटी चौकटींची वही असायची. माझे बाबा साताऱ्यात क्लबच्या मॅचना स्कोअरर म्हणून बसायचे. टिंबं, छेद, मेडनचा 'एम' हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकले होते. त्यामुळे रेडिओकडे माझं लक्ष गेलं नाही, वहीकडे गेलं. एक दिवस पायऱ्या उतरून विचारलं, "हे काय लिहिता?" आजींनी शेजारच्या खुर्चीवरचं मांजर उचललं आणि मला जागा करून दिली.

त्या खुर्चीत बसून जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी फेनवेची माणूस, म्हणून उदाहरणं तिथलीच येतील. शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोत असाल तर स्टेशनांची नावं बदला, बाकी सगळं चालेल.

सोबत काय काय लागेल

- फोनमध्ये तिकीट, आणि फोन पुरेसा चार्ज केलेला. तिकिटं आता एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉल, इथली सर्वोच्च स्पर्धा) बॉलपार्क अ‍ॅपमध्येच येतात, कागद मिळत नाही.
- दोन पेन्सिली आणि खोडरबर. पेन नको. का ते सहाव्या पायरीत कळेल.
- स्कोअरकार्ड. घरून कोरं छापून न्या किंवा स्पायरलची स्कोअरबुक विकत घ्या.
- बिअर घ्यायची असेल तर पासपोर्ट. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्सवर विसंबू नका. चाळिशीतला केस पिकलेला माणूस काउंटरवरून परत आलेला मी पाहिला आहे.
- एप्रिल-मेमध्ये थंडीचं जॅकेट, कानटोपी. जुलैत दुपारची मॅच असेल तर टोपी आणि सनस्क्रीन.
- छोटी पिशवी. किती छोटी, ते टीमच्या साइटवर त्याच आठवड्यात बघून घ्या, नियम बदलत राहतात. ऑफिसची लॅपटॉपची सॅक घेऊन थेट जाऊ नका. दारावरून परत पाठवतात.

१. क्रिकेट सोबत आणा, पण दोन सवयी घरी ठेवा

पहिली सवय म्हणजे रन मोजण्याची. इथे ४-३ असा निकाल लागतो आणि आपल्याला वाटतं, तीन तासांत सातच रन? बेसबॉलमध्ये मोजायचे असतात ते आउट. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक टीमला तीन आउट, म्हणजे सत्तावीस. वनडेत आपण जशी षटकं उरली किती हे बघतो, तसं इथे आउट उरले किती हे बघायचं. एकदा ही किल्ली फिरली की दोन आउट झालेले असताना आलेल्या साध्या फटक्यालाही लोक का उभे राहतात ते समजतं.

दुसरी सवय म्हणजे बॅटरकडून फार अपेक्षा ठेवण्याची. गोल बॅट, टप्पा नाही, पिचर, म्हणजे इथला बोलर, साठ फूट सहा इंचांवरून चेंडू सोडतो. दहापैकी तीन वेळा फटका मारून बेसवर पोहोचणारा बॅटर उत्तम समजतात. टेड विल्यम्सने १९४१ च्या मोसमात .४०६ ची सरासरी काढली, म्हणजे दहात चार वेळा. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगचे हे दोन भाग) पूर्ण मोसमात .४०० कुणालाही गाठता आलेलं नाही.

नियम थोडक्यात. पहिला, दुसरा, तिसरा असे तीन बेस, म्हणजे थांबे, घेत बॅटर परत घरी आला की एक रन. बॅटरने हुकवलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, मारण्याजोगा नव्हता म्हणून सोडलेला म्हणजे बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट, याला वॉक म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांच्या बाहेर गेलेला चेंडू फाउल. तो स्ट्राइक धरतात, पण तिसरा स्ट्राइक सहसा फाउलने होत नाही. त्यामुळे दोन स्ट्राइक झालेला बॅटर फाउलवर फाउल मारत पिचरचा घाम काढू शकतो. आपला लाडका लेट कट इथे शून्य किमतीचा. माझ्या बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

फोर्स आउट समजायला लोकलचं दार डोळ्यांसमोर आणा. मागून माणूस आत रेटतोय, म्हणून पुढच्याला सरकावंच लागतं. बॅटर पहिल्या बेसकडे निघाला की तिथे उभा असलेल्याला दुसऱ्याकडे पळणं भाग आहे. अशा वेळी फील्डरने चेंडू हातात धरून नुसता बेसला पाय लावला तरी पुरतं. मागून रेटा नसेल तर मात्र पळणाऱ्याला चेंडूने शिवावं लागतं.

इन्फिल्ड फ्लायचा नियम पहिल्या वर्षी समजून घेऊ नका. कुणी समजावू लागलं तर शेंगदाणे पुढे करा.

२. मैदानात जाण्याआधी तीन मॅच रेडिओवर ऐका

टीव्हीवर नको. टीव्ही तुम्हाला पिचरची पाठ आणि बॅटरचं तोंड दाखवतो, मैदान दाखवत नाही. रेडिओवरच्या माणसाला सगळं सांगावं लागतं, कारण त्याच्याशिवाय तुमच्याकडे काही नसतं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ट्रान्झिस्टरवर ऐकत मोठं झालेल्यांना हे पटवून द्यायची गरज नाही. रेड सॉक्सच्या रेडिओवर जो कॅस्टिग्लिओनी १९८३ पासून २०२४ पर्यंत बोलत होते. माझं इंग्रजी सुधारलं ते त्यांच्यामुळे, असं मी नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत सांगितलं होतं. हसले सगळे, पण नोकरी मिळाली.

ऐकताना एवढंच धरा: ते 'दोन-एक' म्हणतात तेव्हा दोन बॉल, एक स्ट्राइक. बॉल नेहमी आधी. 'तीन-दोन' ऐकू आलं की हातातलं काम थांबवा, पुढच्या चेंडूवर काहीतरी ठरण्याची शक्यता मोठी असते.

तिन्ही मॅच एकाच टीमच्या असू द्या. मोसमात १६२ मॅच असतात, जवळजवळ रोज एक. माणसांची नावं दूधवाल्या-पेपरवाल्यासारखी कानावर पडत राहिली पाहिजेत. चौथ्या दिवशी तुम्ही आपसूक म्हणाल, "हा परवा पण इथेच गडबडला होता." झालं, अडकलात.

३. तिकीट काढताना खांब बघा

फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं. मेजर लीगमधलं हे सगळ्यात जुनं मैदान, आणि जुन्या घराचे सगळे गुण-दोष त्यात आहेत. ग्रँडस्टँडमध्ये छत तोलून धरणारे लोखंडी खांब आहेत. तिकिटावर 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असेल तर ते गंमत म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या पहिल्या मॅचला माझ्या आणि पिचरच्या मध्ये बरोबर एक खांब होता. मी तीन तास एका बाजूला मान वाकवून बसले आणि दुसऱ्या दिवशी झेंडूबाम लावला.

ग्रँडस्टँडच्या निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ सालच्या मापाच्या आहेत. उंच माणसाचे गुडघे पुढच्याच्या पाठीत जातात. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्यासाठी ही जागा घेऊ नका.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मंगळवार-बुधवारची, मे महिन्यातली, कुठल्या तरी बिननावाजलेल्या टीमविरुद्धची मॅच सुचवते. तिकीट स्वस्त, गर्दी कमी, शेजारी बसलेली माणसं बोलायला मोकळी. न्यूयॉर्कचे यँकीज, रेड सॉक्सचे जुने वैरी, आले असतील त्या दिवशी जाऊ नका. भाव चढलेले असतात आणि आजूबाजूचे लोक शिकवण्याच्या मनःस्थितीत नसतात.

तिकीट टीमच्या साइटवरून किंवा नावाजलेल्या पुनर्विक्रीच्या साइटवरून घ्या आणि पैसे भरण्याआधी शेवटची रक्कम बघा. पहिल्या पानावरचा आकडा आणि शुल्क धरून येणारा आकडा यांत फरक असू शकतो. रस्त्यावर हातात तिकिटं नाचवणाऱ्याच्या नादी लागू नका.

४. पोहोचणं

गाडी नेऊ नका. पार्किंगच्या पैशात आणखी एक तिकीट येईल.

ग्रीन लाइनने केनमोर स्टेशनला उतरा आणि गर्दीच्या मागे चालत राहा, पाच-सात मिनिटांत पोहोचता. फ्रेमिंगहॅम, अ‍ॅशलंड, वेस्टबरोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना तर वर्सेस्टर लाइनची कम्युटर रेल थेट लॅन्सडाउन स्टेशनला सोडते, मैदानापासून हाकेच्या अंतरावर. फक्त परतीच्या गाडीची वेळ जाताना बघून ठेवा. बरोबरी होऊन एक्स्ट्रा इनिंग चालू झाल्या की गाडी थांबत नाही. त्या रात्री टॅक्सीला काय मोजलं ते मी घरी सांगितलेलं नाही.

एप्रिलचा तिसरा सोमवार म्हणजे पेट्रियट्स डे. त्या दिवशी मॅच सकाळी अकराच्या सुमाराला असते आणि मॅरेथॉनचे धावपटू केनमोर चौकातून जातात. एकदा तरी अनुभवावा असा दिवस आहे, पण पहिल्या मॅचसाठी नाही.

आणि थंडी. एप्रिलची रात्र, नदी-समुद्राकडून येणारा वारा, लाकडी खुर्ची. साताऱ्याहून आणलेला विंडचीटर घालून गेले होते. पाचव्या इनिंगला शेजारच्या अनोळखी बाईंनी आपल्या घोंगडीचं टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं, काही न बोलता.

५. खाणं

हॉट डॉग हा इथला वडापाव, पण त्यात बीफ असण्याची शक्यता फार. चालत नसेल तर आधी विचारा, खाऊन झाल्यावर नको. शाकाहारी माणसाला सालासकट भाजलेले शेंगदाणे, पॉपकॉर्न, मोठा प्रेट्झेल. शेंगदाण्याची पिशवी बाहेर रस्त्यावर स्वस्त मिळते. आत काय नेता येतं ते पिशवीच्या नियमाबरोबरच बघून ठेवा.

शेंगांची सालं पायाशीच टाकायची. पहिल्यांदा मी ती टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवली होती. आजींना हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की रेडिओवरचा एक आउट त्यांचा लिहायचा राहिला.

६. वही उघडा

हीच मुख्य पायरी. बाकीचं सगळं चुकलं तरी चालेल.

स्कोअरकार्डावर एका ओळीत एक बॅटर, एका उभ्या रकान्यात एक इनिंग. प्रत्येक चौकटीत एक छोटा शंकरपाळा काढलेला असतो. खालचं टोक होम प्लेट, उजवं पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा. बॅटर जिथवर पोहोचला तिथवर रेघ ओढायची. पूर्ण फिरून घरी आला की शंकरपाळा काळा करायचा, म्हणजे एक रन. बाद झाला तर कसा झाला ते लिहून शेजारी गोलात आउटचा क्रमांक.

मैदानावरच्या जागांना क्रमांक आहेत आणि ते पाठ करावे लागतात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर ८, राइट ९. सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते: शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, म्हणून लोक त्याला ५ देतात. नाही, तो ६. दुसरी चूक म्हणजे शर्टावरचा नंबर लिहिणं. शर्टाचा नंबर इथे काही कामाचा नाही, आणि १५ एप्रिलला तर अजिबातच नाही. १९४७ साली त्या तारखेला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडली. त्याच्या आठवणीला त्या दिवशी सगळे खेळाडू ४२ नंबर घालतात. रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू खेळवायला १९५९ उजाडवलं, सगळ्या टीम्सच्या शेवटी. आजी हे सांगताना मान खाली घालत.

आता लिहून बघू. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर बाद: ६-३. सेंटर फील्डरने झेल घेतला: एफ८. वॉक: बीबी. बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळून पोहोचला: एसबी. शॉर्टस्टॉपने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने पहिल्याकडे, एका चेंडूत दोघे बाद: ६-४-३. हा आकडा लिहिताना हाताला जे सुख मिळतं ते शब्दांत सांगता येत नाही. बाबांना 'मेडन, एक विकेट' लिहिताना मिळायचं, त्याच जातीचं.

तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी 'के'. बॅट न फिरवता उभ्या-उभ्या गेला तर 'के' उलटा काढायचा, आरशातल्यासारखा. हा 'के' आला कुठून? हेन्री चॅडविक नावाचा वार्ताहर, जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्सेटर गावचा. न्यूयॉर्कला आला आणि वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायला लागला. पुढे बेसबॉलच्या प्रेमात पडला आणि क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा तक्ता बेतला. त्याने 'स्ट्रक' या शब्दातलं शेवटचं अक्षर उचललं, असं सांगतात. हे मला कळलं त्या दिवशी मी बाबांना फोन करून सांगितलं की ही वही मुळात तुमचीच आहे.

पेन्सिल का, तर स्कोअरर मैदानाच्या निर्णयाच्या मागे असतो. हिट वाटलेला फटका मिनिटाभराने बोर्डावर एरर, म्हणजे फील्डरची चूक, म्हणून झळकतो. खोडावं लागतं.

बदली खेळाडू आला की त्याचं नाव त्याच ओळीत खाली लिहा आणि चौकटीच्या कडेला उभी नागमोडी रेघ मारा. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही. आपल्याकडच्या बाराव्या गड्यासारखं नाही हे.

आजींच्या वहीतली एक चौकट दाखवते. १७ ऑक्टोबर २००४, यँकीजविरुद्धच्या मालिकेतली चौथी मॅच. रेड सॉक्स मालिकेत ०-३ ने मागे, ही हरले की मोसम संपला. नववी इनिंग, ३-४ ने पिछाडी, समोर यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलारच्या चौकटीत 'बीबी'. त्याच्या खाली बारीक अक्षरात डेव्ह रॉबर्ट्स, मिलारच्या जागी पळायला आलेला. तो पळणार हे रिव्हेराला ठाऊक, मैदानातल्या सगळ्यांना ठाऊक, पडवीत बसलेल्या मलासुद्धा ठाऊक. रिव्हेराने तीन वेळा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला डांबून ठेवलं. मग बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. 'एसबी'. पाठोपाठ बिल म्यूलरचा सेंटरकडे फटका, रॉबर्ट्स घरी, ४-४. बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापार) मारून मॅच संपवली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पण ऑर्टिझची चौकट शांत आहे. रॉबर्ट्सचा शंकरपाळा काळा करताना मात्र पेन्सिल कागदातून आरपार गेली आहे. मागच्या पानावर बोट फिरवलं की भोक लागतं.

जाता जाता: २०२३ पासून पिचरला अशी फेकाफेक मनसोक्त करता येत नाही. एका बॅटरमागे दोनदाच. तिसऱ्या वेळी पळणारा बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस बहाल होतो. त्याच वर्षी पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा हा घड्याळाचा नियमही आला आणि मॅच पावणेतीन तासांच्या आत संपू लागल्या. जुन्या लोकांना राग आला. मला आवडलं, फक्त शेंगा सोलायला वेळ पुरत नाही.

पहिल्याच दिवशी दोन्ही टीम्सचं लिहू नका. एक पुरे. आणि तिसऱ्या इनिंगला गोंधळ झाला तर त्या चौकटीत 'चहा' असं लिहून पुढे जा. माझ्या पहिल्या कार्डावर चार ठिकाणी चहा आहे.

७. डोळे कुठे ठेवायचे

चेंडूमागे धावू नका. पिचर तयार होत असताना फील्डर कुठे सरकतायत ते बघा. फटका उंच गेला की आकाशाकडे न बघता आउटफील्डरकडे बघा. तो निवांत उभा असेल तर तुम्हीही बसा. नवा माणूस ओळखू येतो तो याच वेळी: साध्या उंच झेलाला होमरन समजून ओरडणारा.

फेनवेत डावीकडे हिरवी भिंत आहे, ग्रीन मॉन्स्टर, सदतीस फूट दोन इंच उंच. इतर मैदानांत होमरन झाला असता असा चेंडू या भिंतीवर आपटून परत येतो. उलट दुसरीकडे सहज झेल ठरला असता असा एखादा उंच चेंडू वरून निघून जातो. भिंतीतला स्कोअरबोर्ड अजून माणसं आत बसून हाताने पाट्या लावून चालवतात. इनिंग संपली की मी तिथे बघते. आकडा जरा वाकडा टांगलेला असला की बरं वाटतं.

उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची दिसेल. ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सचा चेंडू ५०२ फुटांवर तिथे पोहोचला आणि एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला. पाहुण्यांना ती खुर्ची शोधायला लावा, पोरं दहा मिनिटं गप्प बसतात.

बॅटर खेळत असताना उठून वाटेत उभं राहू नये, आउट होईपर्यंत थांबावं. सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उठून गातात, तुम्हीही उठा, शब्द येत नसले तरी. फाउल चेंडू तुमच्याकडे आला तर तो तुमचा, परत फेकायचा नाही. मी आयुष्यात एकच पकडला, तोही दोन सीटवर आपटून आलेला, आणि पुढच्या रांगेतल्या मुलीला दिला. जाळी नसलेल्या भागात बसला असाल तर मात्र फोनमध्ये तोंड घालू नका.

८. खिसा परवानगी देत नसेल तर

वर्सेस्टरला पोलर पार्क आहे, २०२१ मध्ये सुरू झालेलं. रेड सॉक्सच्या खालच्या फळीची टीम तिथे खेळते. तिकीट बरंच स्वस्त, खेळाडू जवळून दिसतात, आणि तिथे पाहिलेला पोरगा दोन महिन्यांनी फेनवेत उतरला की आपलाच भाचा असल्यासारखं वाटतं.

त्याहून लाडकी माझी केप कॉड लीग. जूनपासून ऑगस्टपर्यंत कॉलेजची मुलं लाकडी बॅटने खेळतात, दहा गावांच्या दहा टीम्स, प्रवेश फुकट. शाळेचं मैदान, उतारावर घडीच्या खुर्च्या, डब्यात पोहे. वही उघडायला याच्यासारखी जागा नाही. शेजारचा म्हातारा तुमच्या कार्डात डोकावून "ते सहा नाही, चार होतं," असं सांगतोच.

९. पानावर तारीख घाला आणि पान टाकू नका

तारीख, मैदान, सोबत कोण होतं, हवा कशी होती. कोपऱ्यात एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. आजींच्या वह्यांत हे सगळं होतं. २००९ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाने मला विचारलं, काय हवंय? मी २००४ ची वही मागितली.

तिचं शेवटचं पान २७ ऑक्टोबरचं. रेड सॉक्स सेंट लुईसमध्ये खेळत होते, जिंकले तर १९१८ नंतरचं पहिलं अजिंक्यपद. त्या रात्री कोजागिरी होती, आणि खग्रास चंद्रग्रहणही. मी दूध आटवून केशर-वेलची घालून पातेलं खाली आजींच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं आणि ग्रहण सुटेपर्यंत प्यायचं नाही असं बजावलं होतं. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही. त्या स्वतः पूर्ण मालिकेत खुर्ची बदलत नव्हत्या आणि मांजराला टीव्हीच्या डाव्या बाजूलाच बसवत होत्या.

शेवटचा बॅटर एडगर रेंटेरिया. चेंडू टप्पा घेत सरळ पिचरकडे आला, पिचरने खालून हलकेच पहिल्या बेसकडे टाकला. आजींनी १-३ लिहिलं, गोलात ३ लिहिला, पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. वरच्या मजल्यावरचे खाली आले, समोरच्या घरातले आले. सगळे जागे होते. ग्रहण सुटायला एक वाजायला आला. मग मी दूध गरम करून सगळ्यांना दिलं. आजींनी आपला पेला उघड्या वहीवर ठेवला. तो गोल डाग सातव्या इनिंगच्या रकान्यावर आहे, अजून थोडा पिवळा.